स्टेंटची दोन दारे : परवाना आणि पैसा



हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविला जाणारा स्टेंट म्हणजे इवलीशी जाळी. परंतु रुग्णापर्यंत पोहोचण्यास तिला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले परवान्याचे, दुसरे पैशाचे.

अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने उपकरणांचे जोखमीनुसार तीन वर्ग झाले. स्टेंट सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतो. तेथील एफडीए सुरक्षितता व परिणामकारकता तपासते, किंमत पाहत नाही. खर्च द्यावा की नाही, हे मेडिकेअर योजना स्वतंत्रपणे ठरविते. युरोपात ‘सीई’ चिन्ह मिळालेले उपकरण सर्व सदस्य देशांत विकता येते. खर्चाची भरपाई मात्र प्रत्येक देश आपल्या नियमाने करतो. जपानमध्ये विम्यातील दर शासनच ठरविते व रुग्ण सामान्यतः ३० टक्के वाटा उचलतो.

आपल्याकडे विम्याचे छत्र तोकडे असल्याने मोठा भार कुटुंबाच्याच माथी येई. औषधलेपित स्टेंट लाखाच्या पुढे जाई, कारण वितरणाच्या साखळीत नफ्यावर नफा चढे. म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने कमाल दर बांधले : साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधलेपिताला २९,६०० रुपये, कर वेगळा. २०१८ मध्ये नवे उपकरण नियम आणि आयुष्मान भारत योजनाही आली.

त्या दर-आदेशातच रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत, नाव, उत्पादक व बॅच क्रमांक स्वतंत्र लिहावा, असे बंधन आहे. संकटाच्या घडीतही आप्तांनी तो तपशील मागून घ्यावा. चोख हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.