दातांमधला दोरा : सांगण्यातला आणि वापरण्यातला



सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांची नखे, केस आणि दात तपासण्याची पद्धत आपल्याकडील शाळांत बरीच जुनी आहे. "आज दात कोणी कोणी घासले?" असे गुरुजींनी विचारताच वर्गातील सगळे हात वर जातात. ज्याने सकाळी तोंडाला पाणीही लावलेले नसते त्याचाही हात वर असतो. किंबहुना तो इतरांच्या आधी वर जातो. मूल लबाड असते म्हणून असे घडते, असे मानण्याचे कारण नाही. विचारणाऱ्याला कोणते उत्तर आवडेल हे त्याला ठाऊक असते, एवढेच. प्रौढ माणसेही याबाबतीत फारशी निराळी नसतात आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर तर मुळीच नसतात. दातांच्या फटींत दोरा फिरवून त्या स्वच्छ करण्याची जी सवय आहे, ती लोक प्रत्यक्षात किती नियमितपणे पाळतात हा आजचा विषय. विषय दिसावयास लहान आहे. परंतु आरोग्याचा प्रचार करणाऱ्या प्रत्येकाला त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

प्रथम या दोऱ्याची गरज का पडते ते पाहू. प्रत्येक दाढेला पाच बाजू असतात. गालाकडची, जिभेकडची आणि चावण्याची अशा तीन बाजूंपर्यंत ब्रश किंवा बोट पोहोचते. शेजारच्या दातांना टेकलेल्या उरलेल्या दोन बाजूंपर्यंत ते पोहोचत नाही. तेथे अन्नाचे कण अडकतात ते डोळ्यांना दिसतात, जिभेला लागतात. पण खरा त्रास त्यांच्यापासून नसतो. दातांवर सूक्ष्म जंतूंचा एक चिकट, पातळ थर सतत बसत असतो. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतील क्षारांनी टणक होऊन त्याचे कीटण बनते आणि मग ते ब्रशने निघत नाही. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली सवय उत्तम आहे. तिने कण जातात, हा चिकट थर मात्र जागचा हलत नाही.

या थराचा परिणाम किती लवकर होतो, हे डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील दंतवैद्यक महाविद्यालयात एका साध्या प्रयोगाने दाखविले गेले. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तो प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले गेले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू करताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांचा असा दाह वर्षानुवर्षे तसाच राहिला तर पुष्कळांच्या बाबतीत तो खालच्या हाडापर्यंत पोहोचतो. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच. दात किडला म्हणजे ठणका लागतो व माणूस दवाखान्याची वाट धरतो. या रोगात मात्र फारशा वेदना होत नाहीत. दात हलू लागला म्हणजेच तो लक्षात येतो. भाकरी चावता येत नाही म्हणून ती दुधात किंवा आमटीत कुस्करून खाणारी म्हातारी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. 'वय झाले, दात गेले' असे ती सहज म्हणतात. वस्तुतः पुष्कळांचे दात वयाने गेलेले नसतात.

दातांमधील फटी दोऱ्याने साफ करण्याची शिफारस अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील लेव्ही स्पिअर पार्मली या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केली. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने मेण लावलेला रेशमी दोरा वापरावा असे लिहिले. पुढे असा दोरा रिळावर गुंडाळून विकला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यास रेशमाची जागा नायलॉनने घेतली आणि त्याचा पुरस्कार करणारे डॉक्टर चार्ल्स बास हेही योगायोगाने न्यू ऑर्लिन्सचेच. इंग्रजीत या दोऱ्याला फ्लॉस म्हणतात आणि औषधांच्या दुकानांत तो आपल्याकडेही याच नावाने मागावा लागतो.

शिफारस झाली, दोरा आला, जाहिराती आल्या, शाळांतून धडे आले. दोनशे वर्षांच्या या उपदेशानंतर अमेरिकेतील लोक तो किती वापरतात? तेथील शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत हा प्रश्न विचारला गेला. २००९ ते २०१२ या काळात तीस वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या नऊ हजारांवर व्यक्तींनी दिलेल्या उत्तरांवरून असे दिसले की, सुमारे ३० टक्के लोक फटींची स्वच्छता रोज करतात, सुमारे ३७ टक्के अधूनमधून करतात आणि सुमारे ३२ टक्के मुळीच करीत नाहीत. म्हणजे साधारणतः तीन सारखे वाटे. स्त्रियांपेक्षा पुरुष आणि सुस्थितीतील लोकांपेक्षा गरीब लोक या बाबतीत मागे आढळले.

या पाहणीतील प्रश्न कसा विचारला होता, हे शिक्षकांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. "आपण रोज दोरा वापरता काय?" असा तो नव्हता. गेल्या सात दिवसांत, ब्रशाव्यतिरिक्त, दातांमधील जागा साफ करण्यासाठी आपण दोरा किंवा दुसरे एखादे साधन किती दिवस वापरले, असा तो होता. पहिल्या प्रश्नात 'होय' म्हणण्याची वाट आधीच झाडून ठेवलेली असते. दुसऱ्या प्रश्नात माणसाला दिवस मोजावे लागतात. शून्य किंवा दोन असे उत्तर देण्यात कमीपणाही वाटत नाही. तरीसुद्धा हे उत्तर माणसाने स्वतःविषयी दिलेले असते आणि मोजताना हात थोडा सैल सुटतो. म्हणून रोज करणाऱ्यांचा खरा वाटा या आकड्याहून कमीच असावा असे मानण्यास पुरेशी जागा आहे.

तेथील हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली दोन हजारांवर प्रौढांची एक वेगळी पाहणी प्रसिद्ध केली. दोरा किती वेळा वापरतो याविषयी आपण दंतवैद्याशी खोटे बोलतो, अशी कबुली तीत २७ टक्के लोकांनी दिली. ३६ टक्के लोकांनी तर असे सांगितले की, रोज दोरा फिरविण्यापेक्षा खरकट्या भांड्यांचा ढीग घासणे किंवा शौचकूप धुणे यांसारखे एखादे नकोसे काम परवडले. डॉक्टरांपुढे खोटे बोलणारा माणूस अनोळखी पाहणीकर्त्यापुढे मात्र खरे बोलतो, ही यातील गंमत आहे. विचारणारा कोण आणि उत्तराने आपली किंमत कोणाच्या नजरेत घटणार, यावर उत्तर ठरते. मानसशास्त्रज्ञांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. क्राउन व मार्लो या दोघांनी १९६० साली, माणसाला स्वतःला चांगले दाखविण्याची ओढ किती आहे हे मोजणारी ३३ विधानांची प्रश्नावलीच तयार केली होती.

दंतवैद्य मात्र या उत्तरांनी सहसा फसत नाहीत. तपासणीच्या आदल्या रात्री घाईघाईने दोरा फिरवून आलेल्या माणसाच्या हिरड्या तपासताना रक्त येते आणि महिनोन् महिने तेथे काही फिरलेले नाही, हे त्या स्वतःच सांगतात. याच रक्तामुळे पुष्कळ लोक दोरा सुरू करून चार दिवसांत सोडतात. दोऱ्याने इजा झाली असे त्यांना वाटते. ऑर्हूसच्या प्रयोगातील हिरड्या आठवल्या म्हणजे अर्थ ध्यानात येतो : हळुवारपणे साफ करूनही रक्त येते ते बहुधा दाहाचे असते आणि स्वच्छता चालू ठेवली तर ते कमी होत जाते.

२०१६ साली या विषयाला एक निराळे वळण मिळाले. अमेरिकन शासन १९७९ पासून दोरा वापरण्याची शिफारस करीत आले होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने या शिफारशीला आधार काय, अशी विचारणा शासनाकडे केली आणि माहितीच्या कायद्याचाही अवलंब केला. त्या वर्षी निघालेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून दोऱ्याचा उल्लेख गळलेला होता आणि ही शिफारस आवश्यक त्या कसोटीवर कधी तपासली गेली नव्हती, हे शासनाने मान्य केले. बातमी जगभर गेली. जे कधीच दोरा वापरीत नव्हते त्यांना आपणच शहाणे ठरल्याचा आनंद झाला.

हा आनंद अस्थानी होता. पुरावा दुबळा आहे याचा अर्थ साधन निरुपयोगी आहे असा होत नाही. आणि पुरावा दुबळा का राहिला, हे पाहिले तर आपण पुन्हा त्या वर केलेल्या हातांपाशी येतो. दोऱ्याच्या पुष्कळ प्रयोगांत लोकांना दोरा दिला जातो, कसा वापरावा ते दाखविले जाते आणि त्यांना घरी पाठविले जाते. ठरलेल्या काळानंतर त्यांचे दात तपासतात. मधल्या काळात दोरा खरोखर किती रात्री रिळातून निघाला, हे बहुधा त्यांच्याच शब्दावरून मानावे लागते. वापरणारे आणि 'वापरला' म्हणणारे एकाच रकान्यात बसतात आणि मग दोऱ्याचा गुण फिका दिसतो. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने ३५ प्रयोग व सुमारे ३,९०० व्यक्ती यांचा एकत्रित आढावा घेतला. ब्रशाला दोऱ्याची जोड दिल्यास हिरड्यांचा दाह कमी होण्याचा संभव आहे आणि फटीत घालावयाचे बारीक ब्रश कदाचित दोऱ्याहूनही सरस ठरतील, असा तिचा निष्कर्ष होता. मात्र पुराव्याची खात्री तिनेही कमीच ठरविली.

मुलांवरील प्रयोगांनी हा घोळ बराच उकलला आहे. चार ते तेरा वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या सहा प्रयोगांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या दातांतून शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने स्वतः दोरा फिरविला, त्यांच्यात दोन दातांमधील किडीचा धोका सुमारे पावणेदोन वर्षांत ४० टक्क्यांनी घटला. या मुलांचे दात बहुतांशी दुधाचे होते, हे सांगितले पाहिजे. उलट, दर तीन महिन्यांनी तज्ज्ञाने दोरा फिरवूनही लाभ दिसला नाही आणि मोठ्या मुलांनी स्वतःच्या हाताने दोरा वापरला तेव्हाही दिसला नाही. दोरा तोच होता. फरक पडला तो रोजच्या नेमाचा आणि हाताच्या सफाईचा.

आता आपल्याकडील परिस्थिती. चरकाने दिवसातून दोन वेळा दात स्वच्छ करावयास सांगितले आहे. सुश्रुताने तर काडीची लांबी बारा अंगुळे ठरवून दिली. बाभूळ, कडुनिंब, करंज यांची दातवणे आणि घरची राखुंडी ही आपली जुनी साधने. त्यांच्या सोबतीने मशेरीही घरांत शिरली. तिने दातांचे भले न होता तंबाखूचे व्यसन मात्र जडते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली, तरी घरी भाजलेल्या मशेरीला त्या बंदीचा धाक नाही. फटी साफ करण्यासाठी कानकोरण्याच्या जोडीला दातकोरणे असे. आज त्याची जागा आगकाडीने, टाचणीने आणि केसांच्या आकड्याने घेतली आहे. जेवणात माशाचा काटा अडकला, आंब्याचा धागा अडकला, सुपारीचे खांड रुतले, की हात तिकडे जातो. ही साधने हिरडीला टोचतात आणि अडकलेला कण निघाला की काम संपले असे वाटते. चिकट थर तसाच राहतो. दोऱ्याचे रीळ अजून बहुतेक खेड्यांतील घरांत पोहोचलेले नाही आणि ते पोहोचेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही : रात्री झोपण्यापूर्वी ब्रश नीट फिरवणे हा पहिला हप्ता आहे आणि तोच पुष्कळ घरांत थकलेला आहे.

आरोग्य शिबिरांच्या अहवालांत 'दातांची स्वच्छता राखतात : होय' असा रकाना भरलेला असतो. असा रकाना शंभर टक्के भरून आला तर त्याचा आनंद मानण्याऐवजी प्रश्न बदलून पाहावा. "काल रात्री जेवल्यानंतर तोंडात काय काय गेले, आणि दात कधी घासले?" असे विचारले तर उत्तर लांब मिळते, पण खरे मिळते. दातांवरील थर तांबडा रंगविणारी चघळण्याची गोळीही मिळते. ती दिल्यानंतर आरसा हाती दिला की विचारण्याचे कामच उरत नाही. कोठे ब्रश पोहोचला नाही हे मूल स्वतः पाहते.

ज्यांना दोरा वापरावयाचा आहे त्यांनी हातभर दोरा घ्यावा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, दोन दातांमध्ये करवतीसारखा अलगद उतरवावा आणि एकेका दाताच्या कडेला बिलगवून वर-खाली फिरवावा. झटका देऊन हिरडीत घुसवू नये. फटी रुंद असतील तर बारीक ब्रश अधिक सोयीचा. एका रात्री सगळे दात साधले नाहीत तर मागच्या दाढांपासून आरंभ करावा, कारण दुर्लक्ष तेथेच अधिक होते. पंधरा दिवस असे करूनही हिरड्यांतून रक्त येत राहिले, किंवा घरात मधुमेहाचा रुग्ण असून त्याच्या हिरड्या सुजत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता सरकारी रुग्णालयातील दंतविभाग गाठावा. गोव्यातील लोकांना बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून जवळच आहे. तेथील डॉक्टर दोऱ्याविषयी विचारतील, तेव्हा गेल्या सात दिवसांतील दिवस मोजून सांगावे.