चाक मोठं, पण किती?
१९८९ साली आलेल्या माझदा मियाटा या छोट्या, दोन आसनी स्पोर्ट्स कारला मूळ टायर होते १८५/६०, १४ इंची. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १४ इंचांची. हिशेब केला, की पूर्ण चाकाचा व्यास येतो सुमारे ५७८ मिलिमीटर. आता १५ इंची रिमवर १९५/५० टायर चढवा. व्यास ५७६! स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो, आणि भिंत ठेंगणी झाल्यानं वळणावर गाडी स्टिअरिंगला चटकन साथ देते.

१७ इंची रिम दिसते झोकदार, पण बहुधा जड असते आणि खड्ड्यात लवकर वाकते. इतक्या हलक्या गाडीला ती लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

रिम कोणतीही निवडा, तिची चार बोल्टांची रचना १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर जुळायला हवी. ऑफसेटही, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, पाहा; तो चुकला तर टायर मडगार्डला किंवा सस्पेन्शनला घासतो. म्हणून पैसे देण्याआधी एक चाक बसवून, गाडी जमिनीवर उतरवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.