मुंबई पाहावी ती आगगाडीनें

रबाळ्याहून कितीतरी माणसें रोज मुंबईस जातात. परंतु तीं मुंबई पाहतात असें मात्र म्हणवत नाहीं. खाडीपलीकडील कुटुंबांनीं सुट्टीचा एक दिवस काढून मुलाबाळांसह हें शहर पाहावें, आणि तें मोटारीनें न पाहतां आगगाडीनें पाहावें, एवढेंच आज सुचवावयाचें आहे.

रबाळ्याहून ठाण्यास गाडी जाऊं लागली ती ९ नोव्हेंबर २००४ रोजीं. ठाण्यास गाडी बदलली कीं आपण देशांतील पहिल्या प्रवासी लोहमार्गावर येतों. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर चालून याच ठाण्यास आली. मुलांना हें गाडींतच सांगावें. मग पाठ केलेली सनावळी त्यांना खिडकींतून दिसूं लागते.

वाटेंत दादरला उतरून फराळ करावा. मामा काणे यांचें १९१० सालचें उपाहारगृह स्थानकाजवळच आहे. तेथील बटाटेवडा नांवाजलेला आहे.

पुढें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. स्टीव्हन्स यांनीं आंखलेल्या या वास्तूचें काम १८७८ सालीं सुरू झालें. युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत घेतलें तें २००४ सालीं, म्हणजे रबाळ्यास गाडी आली त्याच वर्षीं. रोज येणारा मनुष्य तिच्याकडे पाठ करून कचेरीकडे धांवतो. सुट्टीच्या दिवशीं भुयारी मार्गानें पलीकडे जावें आणि वळून तो घुमट स्वस्थपणें न्याहाळावा.

तेथून बेस्टच्या बसनें वस्तुसंग्रहालय गांठावें. १९२२ सालीं तें लोकांस खुलें झालें; त्यापूर्वीं महायुद्धांत तेथें सैनिकांचें रुग्णालय होतें. संग्रहालयाचे शिल्पकार विटेट यांनींच आंखलेलें गेटवे ऑफ इंडिया तेथून पायीं जवळ आहे. घारापुरीचीं लेणीं मात्र दुसऱ्या दिवसासाठीं राखावीं. सोमवारीं तीं बंद असतात.

परततांना हार्बर मार्गाची पनवेल गाडी धरावी. मानखुर्द सुटलें कीं खाडीवरचा पूल लागतो. १९९२ सालीं या पुलावरून गाडी वाशीस आली. वाशीस उतरून ठाण्याची गाडी घेतली कीं रबाळें आलेंच. रविवारीं दुरुस्तीसाठीं मार्ग कांहीं तास बंद ठेवतात. तेवढी सूचना आधीं वाचावी.

हीं मुलें उद्यां याच गाड्यांनीं कामावर जातील. तेव्हां गर्दींतही तो घुमट त्यांच्या ओळखीचा असला, तरी त्या दिवसाचा खर्च वसूल झाला असें मी समजेन.