सरासरीच्या खालची माणसे

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी 'प्रसामान्य वितरण' हा शब्द भेटतो आणि तो दचकतो. शब्द जड आहे हे खरे. इंग्रजीतला 'नॉर्मल' हा शब्द त्या मानाने सोपा वाटतो. पण माझ्या मते तोच अधिक फसवा. "सर, हे नॉर्मल, तर मग बाकीचे काय ॲबनॉर्मल?" असे दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारतोच, आणि वर्ग हसतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखाद्या देशात उपाशी माणसे किती, हे मोजण्याच्या कामीसुद्धा ह्याच प्रश्नाने मोठा वाद उभा केला होता, आणि तोही आपल्या पुण्यात. तिथपर्यंत आज आपल्याला जावयाचे आहे. परंतु सुरुवात नाण्यापासून करू. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

एक नाणे दहा वेळा उडवायचे आहे. प्रत्येक खेपेला छापा किंवा काटा, म्हणजे दोनच शक्यता. दहा खेपा मिळून दोनाला दोनाने दहा वेळा गुणले की १०२४ होतात. इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी हा खेळ होऊ शकतो. नाणे सरळ असेल तर ह्यातली कोणतीच तऱ्हा दुसरीहून अधिक लाडकी नाही. मग बरोबर पाच छापे पडण्याची संभाव्यता किती? पाच छापे असलेल्या तऱ्हा मोजा आणि १०२४ ने भागा. संभाव्यतेच्या मुळाशी एवढेच आहे: समान शक्यतेच्या तऱ्हा मोजणे.

मोजायच्या कशा? ज्यांनी वृत्ते शिकली आहेत त्यांना हे नवे नाही. दहा अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू; तेव्हा पाच गुरू असलेले चरण किती प्रकारचे, हा प्रश्न अगदी तोच. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात त्यासाठी मेरुप्रस्तार सांगितला आहे. वरती एक मांडा, खाली दोन एक, आणि मग प्रत्येक ओळीत वरच्या शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज लिहीत जा. युरोपात ह्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. पास्कल सतराव्या शतकातला. दहाची ओळ अशी येते: १, १०, ४५, १२०, २१०, २५२, आणि मग तेच आकडे उलट क्रमाने.

आता ह्या आकड्यांकडे जरा निरखून पाहा. दहाही छापे पडावेत अशी तऱ्हा एकच, पण पाच छाप्यांच्या तऱ्हा २५२. चार, पाच किंवा सहा छापे ह्यांच्या मिळून ६७२. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश खेळ ह्या तीन घरांतच संपतात. नाण्याला मध्याची ओढ असते असे नव्हे. नाण्याला आठवणच नाही. पाच वेळा काटा पडला म्हणून सहाव्या वेळी छाप्याची शक्यता तिळभरही वाढत नाही. मध्यावर गर्दी होते ती केवळ तिथे पोहोचण्याच्या वाटा पुष्कळ आहेत म्हणून. जुगारी माणसाला हे पटत नाही. तो नाण्याकडून न्यायाची अपेक्षा करतो आणि खिसा रिकामा करून घरी येतो.

ह्या आकड्यांइतक्या उंचीचे खांब एका ओळीत उभे करा. मध्ये उंच आणि दोहो बाजूंना उतरता असा डोंगर दिसेल. दहाऐवजी शंभर नाणी, मग हजार नाणी घेतली तर खांब दाट होत जातात आणि माथ्यावरून एक गुळगुळीत वक्र रेषा काढता येते. ह्या रेषेचे समीकरण १७३३ साली अब्राहम डी मॉयव्हरने दिले. त्रिकोणमितीत ज्याचे प्रमेय तुम्ही पाठ करता तोच हा. धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून तो लंडनला गेला, आणि एवढा गणिती असून शिकवण्या करून पोट भरीत राहिला. तिचा आकार घंटेसारखा. माथा कुठे येईल ते सरासरीने ठरते, आणि डोंगर पसरट की निमुळता हे ठरते प्रमाण विचलनाने.

विद्यार्थी सरासरी काढतात आणि प्रमाण विचलन विसरतात, म्हणून त्याविषयी दोन शब्द. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावयाचे, त्या अंतरांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढावयाची आणि तिचे वर्गमूळ घ्यावयाचे. शंभर नाण्यांच्या बाबतीत सरासरी ५० छापे आणि प्रमाण विचलन ५ छापे येते. प्रसामान्य वक्राचा गुण असा की सरासरीच्या दोहो बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतले की शंभरातले सुमारे ६८ त्यात येतात, दोन-दोन घेतले की सुमारे ९५, आणि तीन-तीन घेतले की हजारातले ९९७. तेव्हा शंभर नाणी उडवून ४० ते ६० च्या दरम्यान छापे आले तर नाण्यावर आळ घेऊ नये. ७५ आले तर मात्र नाणे तपासून पाहावे.

इथवर सगळा जुगाराचा मामला होता. माणसांशी ह्या वक्राचा संबंध आला तो खगोलशास्त्रातून. एकच तारा चार वेळा पाहिला तर चार मापे थोडी वेगळी येतात. ह्यांतले खरे कोणते? गाउसने १८०९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की निरीक्षणातल्या चुका ह्याच वक्राप्रमाणे पसरतात असे धरून चालले, तर खऱ्या स्थानाचा उत्तम अंदाज सरासरी हाच ठरतो. तारा एक, खरे स्थान एक, आणि बाकी सर्व चुका. इथपर्यंत ठीक आहे.

पुढे बेल्जममध्ये केतले नावाचा खगोलशास्त्रज्ञ झाला. त्याने १८४६ साली ५७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे घेऊन ती मांडली. सरासरी ४० इंचांच्या आसपास, आणि पसरण ह्याच वक्राची! उंची, छाती असल्या गोष्टी अनेक लहानलहान कारणांच्या बेरजेतून घडतात, म्हणून त्यांत हा वक्र पुष्कळदा दिसतो. एकेक कारण म्हणजे जणू एकेक नाणे. इतके म्हणून केतले थांबता तर बरे झाले असते. पण तो ताऱ्यांच्या जगातून आलेला. त्याला वाटले, निसर्गाने एक आदर्श 'सरासरी माणूस' मनात धरला असावा आणि आपण सारे त्या माणसाच्या चुकलेल्या नकला असू. चाळीस इंच छाती हे खरे माप, अडतीस इंचवाला ही निसर्गाची चूक! ताऱ्याला खरे स्थान एकच असते. माणसाच्या छातीला तसे एक खरे माप कुठून असणार? अडतीस इंचवाला स्वतःच्या जागी पूर्ण माणूसच आहे. परंतु सरासरी म्हणजे योग्य आणि तिच्या खाली म्हणजे उणे, हा समज तेव्हापासून जो चिकटला तो शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून दवाखान्याच्या वजनकाट्यापर्यंत अजून सुटलेला नाही.

आता भुकेकडे येऊ. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ ह्यांनी भारतातील दारिद्र्याविषयी आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका आहार ही त्यांनी कसोटी धरली, आणि तेवढा आहार खर्चाच्या कोणत्या पायरीला मिळतो ते पाहून दारिद्र्याची रेषा काढली. तिला आक्षेप घेणारे डॉ. पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे गृहस्थ १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्राचे काम पाहत होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात आले होते. गरज ही एक रेषा नसून तिला पसरण आहे; सरासरी गरजेच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी असे म्हणता येणार नाही; सीमारेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू तोलामोलाच्या होत्या, आणि वाद पुढे बरीच वर्षे चालला.

आपण ह्यातला संख्याशास्त्राचा भाग तेवढा सोडवून पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतो. समजा, मोठ्या माणसांची रोजची गरज प्रसामान्य वक्राप्रमाणे पसरली आहे. सरासरी २३०० उष्मांक, प्रमाण विचलन ३००. एक सुखी गाव घ्या, जिथे प्रत्येकाला पोटभर मिळते आणि प्रत्येक जण आपल्या गरजेइतकेच खातो. ह्या गावात उपाशी माणूस एकही नाही. पण बाहेरून आलेल्या पाहणीदाराने प्रत्येकाचे खाणे मोजले आणि २३०० च्या खालचे सारे उपाशी असे धरले, तर त्याच्या वहीत निम्मे गाव उपाशी लागेल! सीमा १७०० वर आणली, म्हणजे दोन प्रमाण विचलने खाली, तर शंभरात फक्त दोन-तीन नावे लागतील. सुखात्म्यांच्या म्हणण्यातले बळ इथे आहे.

आता दुसरे गाव घ्या, दुष्काळी. इथे पिळदार अंगाचा एक मजूर आहे, त्याची गरज २६०० ची, मिळतात २०००. तो रोज अर्धपोटी झोपतो. परंतु १७०० च्या रेषेने त्याला पाहिले तर तो वरच आहे, म्हणजे उपाशी नाहीच! रेषा वर घेतली तर तृप्त माणूस उपाशांत मोजला जातो, खाली घेतली तर उपाशी माणूस तृप्तांत मोजला जातो. एक चूक कमी करावी तर दुसरी वाढते, आणि नुसती रेषा सरकवून दोन्ही नाहीशा करता येत नाहीत. सुखी गावात २००० खाणारा बहुधा कमी गरजेचा असतो. दुष्काळी गावात सर्वांना रेशनाने मोजून २००० दिले तर मात्र ज्यांची गरज त्याहून अधिक आहे असे शंभरात ८४ निघतील. खाणे तेच, आकडा तोच. संभाव्यता बदलली, कारण तो आकडा कोणत्या परिस्थितीत आला ते बदलले. 'अमुक घडले आहे असे धरून संभाव्यता' हे प्रकरण पाठ्यपुस्तकात पत्त्यांच्या उदाहरणांनी शिकवतात. माझ्या मते ते अन्नाच्या उदाहरणाने शिकवावे.

आणखी एक गोष्ट ह्या वादात नेहमी नीट ध्यानी येत नाही. दांडेकर-रथांची आकडेमोड एकेका माणसाच्या ताटावरून नव्हती. खर्चाच्या पायरीनुसार पाडलेल्या गटांच्या सरासरीवरून होती. आणि सरासऱ्यांची पसरण व्यक्तींच्या पसरणीहून पुष्कळच कमी असते. नियम असा: गटात जितकी माणसे, त्या संख्येच्या वर्गमुळाने प्रमाण विचलनाला भागावे. शंभर माणसांचा गट असेल तर ३०० ला १० ने भागून ३० राहतात. म्हणजे कोणतीही शंभर माणसे घ्या, त्यांच्या गरजेची सरासरी बहुधा २२४० ते २३६० च्या आतच सापडेल. एखाद्या शंभरांच्या गटाचे खाणे सरासरीने २००० भरत असेल तर तिथे कोणाची गरज लहान, कोणाची मोठी हे शोधीत बसण्याचे कारण नाही. त्या गटात अन्न कमी पडते आहे हे जवळजवळ निश्चित. कोणाला कमी पडते एवढेच काय ते ठाऊक नाही. एका माणसाला जी सूट देणे शहाणपणाचे, तीच सूट गटाच्या सरासरीला दिली की तो हिशेब साफ चुकतो. डॉ. सुखात्म्यांची रेषा व्यक्तीला लावण्याची आहे, गटाला लावण्याची नव्हे, असे मला वाटते. आणि २२५० ची कसोटी गटासाठी जितकी सरळ, तितकी एकट्या माणसासाठी आंधळी.

मग पाच माणसांच्या घराचे काय? ते ना एक माणूस, ना शंभरांचा गट. ३०० ला पाचाच्या वर्गमुळाने भागा, १३४ येतील. पण हा भागाकार करताना आपण गृहीत धरले की पाचही जणांच्या गरजा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, नाण्याच्या पाच खेपांसारख्या. एका घरात अंगलोट बहुधा सारखी असते, आणि शेतावर राबायचे दिवस सर्वांना एकदमच येतात. तेव्हा खरा आकडा १३४ आणि ३०० ह्यांच्या दरम्यान कुठेतरी पडणार. तो काढायचा तर घरातल्या गरजांचा एकमेकींशी सहसंबंध किती, हे आधी मोजावे लागेल, आणि ते काम कागद-पेन्सिलीने होणारे नाही. त्यासाठी तराजू घेऊन घरोघर स्वयंपाकघरात जाऊन बसावे लागते.