चाळिशीनंतरची तालीम



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्ही समोर बसून ऐकावे, असा आजवरचा प्रघात. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि नगर वाचनालयात. तेव्हा आम्ही येथे शास्त्र सांगावयास उभे नाही. संघटनेच्या कामात एक गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली, ती आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

गोष्ट एका वहीपासून सुरू होते. आमच्या संघटनेचा एक मदतनिधी आहे. सभासद आजारी पडला की त्यातून चार पैसे द्यावयाचे. २०११ साली या निधीत खडखडाट झाला. पैसा जातो कोठे हे पाहावे, म्हणून मागच्या दहा वर्षांची वही घेऊन आम्ही एक रविवार बसलो. आमची समजूत अशी की, कोणाचे बोट यंत्रात गेले, कोणाच्या पायावर सळई पडली, अशा अपघातांपायी निधी रिता झाला असेल. वहीने निराळेच सांगितले. पानांमागून पाने हृदयविकाराची, रक्तदाबाची, मधुमेहाची आणि त्यापायी निकामी झालेल्या मूत्रपिंडांची! आणि माणसे कोण? पंचेचाळीस-पन्नाशीची; मुलीचे शिक्षण अर्ध्यावर, घराचे हप्ते अर्ध्यावर, अशी.

त्याच वर्षी आमच्या स्वतःच्या रक्तातही साखर निघाली. डॉक्टरांनी विचारले, “व्यायाम काय करता?” आम्ही म्हणालो, “मोर्चे काढतो.” डॉक्टर हसले नाहीत. मोर्चा वर्षातून चार वेळा. बाकीचे दिवस खुर्चीवर बैठका आणि चहावर चहा, हा हिशेब त्यांनी आमच्याच तोंडून वदवून घेतला. अपघाताची नुकसानभरपाई आम्ही भांडून मिळवीत होतो. पण माणूस आतून खचत होता, तिकडे आमचे लक्ष नव्हते.

पुढे वाचनालयात लंडनच्या बसकामगारांची हकीकत हाती आली. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५३ साली प्रसिद्ध केली होती. लंडनच्या बसगाड्या दुमजली. एकाच गाडीवर दोन कामगार. चालक दिवसभर बसलेला, वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. वस्ती तीच, वर्ग तोच. पण हृदयविकार चालकांत अधिक आढळला. वाहकांत तो कमी होता, आणि झालाच तर उशिरा होत असे. पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे टपालखात्यातील कारकून यांच्यातही असाच फरक दिसला.

येथे आपल्यापैकी कोणी वकील शंका घेईल की, मुळात स्थूल माणसेच चालकाची जागा धरीत असतील! ही शंका मॉरिस यांनी स्वतःच घेतली. १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर तरुणपणापासूनच मोठी निघाली. म्हणून ते तेथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी बैठे काम करणारे सरकारी नोकर घेतले आणि त्यांच्या फावल्या वेळाची चौकशी केली. जे जोमाने व्यायाम करीत त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला. मॉरिस स्वतः शंभरीच्या उंबरठ्यावर, २००९ साली वारले.

आमच्या सभासदांनी लगेच विचारले, “आम्ही आठ तास उभे राहून ओझी उचलतो, तो व्यायाम नव्हे काय?” प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर डेन्मार्कमधील अभ्यासकांनी शोधले आहे. त्यांना असे आढळले की, फावल्या वेळातली हालचाल हृदयाचे रक्षण करते, पण कामावरचे जड श्रम तसे करीत नाहीत. उलट अपायच करताना दिसतात. त्याचे संभाव्य कारण असे सांगतात. व्यायामात माणूस थोडा वेळ दम लागेपर्यंत हालतो आणि मग विसावा घेतो. हमालीत विसावा मुकादमाच्या हाती असतो. तासन्‌तास तेच स्नायू ताणलेले आणि रक्तदाब चढलेला. श्रम आणि व्यायाम यांची गल्लत करून कोणी मालक ‘तुमचा व्यायाम तर आम्हीच करवून घेतो’ असे म्हणू लागला, तर त्यास हे उत्तर द्यावे.

दुसरी हकीकत चीनमधील दाचिंगची. दाचिंग हे तेलविहिरींचे, कामगारांचे शहर. १९८६ साली तेथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५७७ माणसे निवडली. दवाखानावार गट पाडून कोणाला आहार, कोणाला व्यायाम, कोणाला दोन्ही, असे सहा वर्षे शिकविले. काही दवाखान्यांतील माणसांना असे काही शिकविले नाही. आरंभापासून एकूण तीस वर्षे त्यांचा मागोवा घेतला. शिकविलेल्यांचा मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे लांबला, हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे चतुर्थांशाने घटले आणि आयुष्य सरासरी जवळजवळ दीड वर्षाने वाढले. दीड वर्ष म्हणजे थोडे, असे वाटेल. ज्याने आपला बाप नातवंडाच्या बारशापूर्वी गमावला आहे, त्याला विचारा. आपल्या देशात तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

तेव्हा आम्ही ठरविले, संघटनेने वर्ग काढावयाचा. व्यवस्थापनाकडे आवारातील मोकळी जागा अर्धा तास मागितली. उत्तर आले, कामगारांना कसरती सुचतात त्या अर्थी काम कमी असावे! मग एका शाळेचे मैदान मिळाले. पहिल्या दिवशी बावीसजण आले. शिकवावयास तालमीतला एक उमदा तरुण पैलवान आणला. त्याने उत्साहाच्या भरात सर्वांकडून शंभर-शंभर बैठका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांना घराच्या पायऱ्या उतरवेनात. एकजण कामावर गेला तो भिंतीला धरूनच. महिन्याअखेर आम्ही सातजण उरलो. दोष पैलवानाचा नव्हता, आमचा होता. वीस वर्षांच्या देहाचे माप आम्ही पन्नास वर्षांच्या देहाला लावले होते.

मग नव्याने आरंभ केला. प्रथम प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. छातीत दुखणारा, चालताना धाप लागणारा आधी डॉक्टरांकडे पाठविला. औषध चालू असेल तर ते मनाने सोडावयाचे नाही, हा नियम घातला. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. तीन दिवस झपाझप चालणे, इतके की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, आणि एका पायावर उभे राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले किमान माप याहून थोडे अधिक आहे: आठवड्याला झपाझप चालण्यासारखा दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणे. पासष्टीपुढे तोल सावरण्याचा सराव तीन दिवस, कारण म्हातारपणी एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळतो. बैठका किती काढावयाच्या ते ज्याचे त्याने ठरवावे, आणि दुसऱ्याचा आकडा विचारू नये, हाही आमचा नियम.

आणि वर्ग टिकला कशामुळे? एकट्याने चालावयास जाण्याचा निश्चय आम्ही सर्वांनीच आयुष्यात दहादा केला होता. पावसाची एक सर आली की तो वाहून जाई. वर्गात मात्र कोणी दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात चौघे उभे राहतात. एकदा असेच गेलो तेव्हा तो गृहस्थ आजारी नव्हता. कर्जाच्या काळजीने रात्र-रात्र जागत होता. त्या दिवशी व्यायाम राहिला, पण पतपेढीचा अर्ज भरून झाला. आपली गैरहजेरी कोणाच्या तरी ध्यानात येते, एवढी जाणीव माणसाला पहाटे अंथरुणातून उठविते. संघटनेचे तरी दुसरे रहस्य काय आहे?

स्त्रियांचे सांगावयाचे राहिले. आरंभी त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहत. लोक काय म्हणतील, हा एक संकोच. आणि सकाळचा डबा कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न. दुसरा प्रश्न सुटला तो व्याख्यानांनी नव्हे, काही घरांत पुरुषांनी कणीक मळावयास घेतली तेव्हा. आज स्त्रियांची रांग पुरुषांच्या रांगेहून लांब आहे.

आपल्या महाराष्ट्राला तालमीचे वावडे कधीच नव्हते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. गिरणगावात तर चाळीचाळींतून व्यायामशाळा होत्या. पण गावोगावच्या तालमींचा उंबरठा बहुधा जवान पोरालाच मोकळा होता. ज्याचे केस पिकले, ज्याचे पोट सुटले, ज्याचे गुडघे कुरकुरू लागले, तो त्या दारावरून मान खाली घालून पुढे जाई. तालमीची खरी गरज त्याला आहे, हे आपण ध्यानात घेतले नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. देहाला विसावा हवा, ही ती मागणी. आज तिच्या जोडीला दुसरी मागणी मांडावयाची आहे. प्रत्येक कारखान्याने, प्रत्येक कचेरीने दिवसाचा अर्धा तास आणि एक मोकळी जागा द्यावी. नगरपालिकेने शाळांची मैदाने पहाटे उघडावीत. ही भीक नव्हे. मात्र व्यायामाचा वर्ग दिला म्हणून यंत्राचा गोंगाट, जादा पाळी आणि अपुरे वेतन यांवर पांघरूण पडू देता कामा नये.

आमच्या निधीची वही अजून चालू आहे. आजार थांबले असे आम्ही म्हणणार नाही; गेल्या वर्षीही आमच्यातला एक सोबती गेला, तोही वर्गात नियमाने येणारा. व्यायाम हा काही अमरपट्टा नव्हे. पण त्याच्या अंत्ययात्रेला निघालेली पन्नाशी-साठीची माणसे स्मशानाची चढण न थांबता चढली, हे आम्ही पाहिले. त्यांतले कित्येक दहा वर्षांपूर्वी एक मजला चढताना कठड्याला धरून उभे राहत.

आपल्या आळीत दहा माणसे गोळा करा. उद्या सहा वाजता. अकरावा येईल.