चाळीच्या गॅलरीतील चित्रशाळा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनात भाषणास उभे राहणाऱ्याची स्थिती मोठी अवघड असते. एका बाजूस पंक्तीची तयारी चाललेली, दुसऱ्या बाजूस नाटुकल्यातील मुले रंग लावून ताटकळत बसलेली. तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देऊन ठेवतो.

चिटणिसांनी आम्हांस 'आपली ज्ञाती आणि कला' असा विषय दिला होता. आम्ही त्यांच्याकडून तो बदलून घेतला. आपल्या ज्ञातीतील चित्रकार बोटांवर मोजण्याजोगे. त्यांची नावे घेऊन टाळ्या पिटल्या की पाच मिनिटांत विषय संपला असता. परंतु खरे कारण निराळे आहे. कलावंत कुठल्या तरी ज्ञातीत जन्मास येतो हे खरे, पण तो वाढतो वाडीत, चाळीत, नळावर आणि नाक्यावर. त्याच्या डोळ्यांस जे खाद्य मिळते ते वस्तीकडून. म्हणून आज आम्ही ज्ञातीविषयी थोडे आणि वस्तीविषयी अधिक बोलणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे गिरगावात आहेत. आज कोणी डोंबिवलीस, कोणी बोरिवलीस, कोणाची मुले परदेशी. पण 'आपले घर' म्हटले की ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे अजून ठाकूरद्वाराचा नाका येतो. त्या गिरगावात काय नव्हते? खोताच्या वाडीत ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची घरे, फणसवाडीत दाक्षिणात्य पद्धतीचे बालाजीचे देऊळ, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालापासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव, केळेवाडीत साहित्य संघाचे नाट्यगृह आणि १९६४ साली ट्राम बंद होईपर्यंत रस्त्यावरून जाणारा तिचा खडखडाट. सॅंडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन थिएटरात १९१३ च्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला, तो याच वस्तीत. इतक्या तऱ्हांची माणसे इतक्या थोड्या जागेत वावरत असताना ज्याच्या हातात पेन्सिल आहे त्याने स्वस्थ बसावे तरी कसे?

आणि तो स्वस्थ बसला नाही, याचा मोठा दाखला म्हणजे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, पाठारे प्रभू होते, हे आम्ही आधीच सांगून टाकतो; नाहीतर भोजनाच्या वेळी कोणीतरी तो मुद्दा काढीलच. १८६७ साली कोल्हापुरास जन्मलेला हा माणूस १८९० साली जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरला आणि तेथेच शिक्षक होऊन १९३१ साली निवृत्त झाला. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मवृत्ताचे नाव त्या हिशेबानेच पडले. पौराणिक आणि शिवकालीन प्रसंगांचे चित्रकार म्हणून त्यांची कीर्ती आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु आमच्या मते त्यांचा खरा जिवंतपणा दिसतो तो मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांत. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील १९१२ सालच्या पुस्तकात धुरंधरांची चित्रे आहेत. ऑटो रॉथफील्ड यांच्या हिंदुस्थानातील स्त्रियांवरील पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे काढली. लोकांनी दोन पैशांना घेऊन आप्तांस धाडावीत अशी पोस्टकार्डेही त्यांनी रंगविली. लुगड्याचा काचा कोणत्या जातीची बाई कसा मारते, पदर कोणत्या खांद्यावरून घेते, पागोट्याचा पीळ कसा बसतो, हे त्यांना तोंडपाठ होते. ही विद्या पुतळ्यांवरून काढलेल्या चित्रांनी येत नाही. २०१८ साली राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या मुंबईतील दालनांत त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. भव्य तैलचित्रांपुढे आम्ही आदराने उभे राहिलो, पण पाय रेंगाळले ते लहान कागदांपाशी.

आता थोडे घरचे सांगतो. आमचे मामा ड्रॉइंग मास्तर होते. त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. शाळा सुटली की चाळीच्या गॅलरीत पाटावर बसून ते चित्रे काढीत. कागद विकत घेण्याची ऐपत नव्हती; जुन्या कॅलेंडरांच्या पाठी आणि उत्तरपत्रिकांत उरलेली कोरी पाने यांवर सारा कारभार. कल्हईवाला, पिंजारी, बर्फाचा गोळेवाला, जिन्याखाली झोपणारा रामा गडी, पापड वाळत घालणाऱ्या बायका, कोणीही त्यांच्या पेन्सिलीतून सुटले नाही. समोरच्या बिऱ्हाडातील काकूंनी एकदा आमच्या आजीकडे तक्रार नेली, की तुमच्या मुलाने माझे नाक वाकडे काढले. मामांनी नम्रपणे सांगितले, "काकू, मी सरळच करून काढले आहे." त्यानंतर पुढे कित्येक दिवस आमच्या घरी त्या बाजूने वाटीभर साखर आली नाही.

मामांचे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे तळमजल्यावरचा सार्वजनिक नळ. आम्ही लहानपणी त्यांना विचारले होते, की चौपाटीचा सूर्यास्त सोडून तुम्ही ही रांग का काढता? त्यांचे उत्तर आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. ते म्हणाले, कलाशाळेत माणूस समोर बसवायचा तर त्याला पैसे द्यावे लागतात, आणि तो अवघडून बसतो; येथे वीस बायका अर्धा अर्धा तास फुकट उभ्या राहतात, आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे याचे भानही त्यांना नसते. एकीने भार डाव्या पायावर टाकलेला, दुसरीची कंबर कळशीकडे कललेली, तिसरी भांडणाच्या तयारीने पदर खोचीत असलेली. पाणी येण्याची वेळ पहाटेची, म्हणून प्रकाशही तिरपा. आपण ज्याला चाळीची गैरसोय म्हणत होतो तीच त्यांची चित्रशाळा होती. किंबहुना चाळीची रचनाच चित्रकाराच्या सोयीची. चौकाभोवती गॅलरी, गॅलरीवर दारे, दारांत माणसे. जणू एकावर एक मांडलेल्या चौकटी.

पण येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हल्ली चाळीविषयी गहिवरून बोलण्याची चाल पडली आहे, आणि चाळीत कधी एक रात्र न काढलेले लोक त्यात आघाडीवर असतात. सहा बिऱ्हाडांत एक शौचकूप, एका खोलीत नऊ माणसे, आणि क्षयाने गेलेली कितीतरी तरुण माणसे, हेही त्या चाळीतलेच. मामांच्या कागदांवर खोकणारी माणसेही होती. ती चित्रे आजी कोणास दाखवू देत नसे.

ही दाखवू न देण्याची वृत्ती हाच आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली प्रसिद्ध झाली, आणि आपण सर्वांनी तिच्यावर जिवापाड प्रेम केले. कारण तीत आपण हसण्याजोगे होतो, लाजण्याजोगे नव्हतो. १९६५ साली भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली, आणि तीत नाक्यावर उभी राहणारी, आयाबहिणींनी टाळलेली पोरे जशीच्या तशी बोलू लागली, तेव्हा केवढा गहजब झाला! आचार्य अत्र्यांसारख्यांनी तिच्यावर आसूड ओढला. आमच्या घरी ते पुस्तक वर्तमानपत्राचे वेष्टण घालून वाचले गेले, हे कबूल करतो. पण ती पोरे खोटी होती काय? ती आपल्याच जिन्याखाली उभी होती. आणि लालबाग-परळकडे तर आपण पाहिलेच नाही. रस्त्यावर सापडलेल्या ज्या बालकाला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने आपले नाव दिले, ते नारायण सुर्वे १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' घेऊन आणि १९६६ साली 'माझे विद्यापीठ' घेऊन मराठी कवितेत आले. गिरण्यांच्या भोंग्याखालची ती वस्ती गिरगावापासून ट्रामने अर्ध्या तासाची. आपल्या वाङ्मयीन सभांना मात्र ती फार दूर होती.

त्यानंतरही ही परंपरा थांबलेली नाही. अरुण कोलटकर जे. जे. मधून बाहेर पडलेले, जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले. ते काळा घोडा परिसरातील वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसत आणि काचेपलीकडचा चौक पाहत. झाडूवाल्या, इडली विकणारी बाई, बेवारशी कुत्रे, या साऱ्यांस त्यांनी आपल्या इंग्रजी 'काळा घोडा पोएम्स' या संग्रहात मानाने बसविले. तो संग्रह २००४ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी निघाला. ज्या अश्वारूढ पुतळ्यामुळे त्या चौकास नाव पडले तो पुतळा १९६५ सालीच राणीच्या बागेकडे हलविला गेला होता. २०१७ साली तेथे दुसरा, स्वार नसलेला घोडा उभा राहिला. मधली अर्धशतकभर घोड्यावाचून घोड्याचे नाव चालले. वस्तीची स्मृती पुतळ्यापेक्षा चिवट असते, ती अशी.

दुसरे नाव डॉ. सुधीर पटवर्धन यांचे. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याच काळात इराणी हॉटेल, लोकल गाडी, रेल्वेचा पूल, रस्त्याचा कोपरा, लोअर परळ हे विषय मोठमोठ्या पटांवर रंगविले. पालकांना हे उदाहरण आवडेल, "आधी डॉक्टर हो, मग काय ती चित्रे काढ" असे म्हणावयास सोयीचे वाटेल. आम्ही ते त्यासाठी सांगत नाही. रोज ज्या माणसांची हाडे प्रकाशात धरून पाहावयाची, त्यांच्याच चेहऱ्यांकडे संध्याकाळी पुन्हा पाहावयाचे, हे दोन वेगळे व्यवसाय नसावेत असे आम्हांस वाटते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची मुलगी विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात उभ्याने स्केचे काढते. भाजी निवडणाऱ्या, डुलक्या घेणाऱ्या, भांडणाऱ्या बायका. तिला कलाशाळेत जावयाचे आहे. "तुम्ही तिची समजूत घाला," असे ते म्हणाले. आम्ही तिच्या वह्या पाहिल्या, आणि समजूत घालावयाची ती गृहस्थांची घातली. ती कितपत पटली हे सांगता येत नाही. नंतर त्या मुलीसाठी आपल्या शिष्यवृत्तीचे नियम काढून वाचले. त्यांत वैद्यक आहे, अभियांत्रिकी आहे, वाणिज्य आहे, अलीकडे संगणकही आला आहे. चित्रकला नाही. नियम करणारे चांगले लोक होते. त्यांना पोटाची चिंता होती, आणि ती खोटी नव्हती. पण ते नियम झाले तेव्हा आपण चाळींत राहत होतो. आज या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या मोटारी मोजल्या तर पोटाची सबब फार दिवस चालेल असे वाटत नाही. कार्यकारी मंडळापुढे आम्ही लेखी सूचना दिली आहे. ती फेटाळावयाची असेल तर खुशाल फेटाळावी, परंतु वाचून फेटाळावी.

हे आम्ही ज्या अधिकाराने बोलतो तो अधिकार फार मोठा नाही, हेही सांगितले पाहिजे. मामा १९७९ साली वारले. १९८४ साली आम्ही चाळीतील जागा सोडून डोंबिवलीस गेलो. टेंपोत सामान मावेना. माळ्यावर मामांची ट्रंक होती, कागदांनी भरलेली, वाळवी लागू लागलेली. ती रद्दीवाल्यास कोणी दिली? आम्ही स्वतः दिली. त्याने काट्यावर वजन केले, आणि साडेअकरा किलोंचे पैसे मोजून घेतले. चाळीस वर्षांचे गिरगाव त्या पिशव्यांतून गेले. त्या चाळीच्या जागी आता बावीस मजले उभे आहेत. नळ कोठे होता हे दाखवावयाचे म्हटले तरी आम्हांस जमणार नाही.

एक कागद मात्र वाचला, आणि तो आमच्या पुण्याईने नव्हे. तीन वर्षांपूर्वी देवघरातील दत्ताच्या तसबिरीची काच तडकली. बदलण्यासाठी मागचा पुठ्ठा काढला, तर पुठ्ठ्याला आधार म्हणून मामांनी केव्हातरी आपलेच एक चित्र घडी घालून बसविले होते. नळावरची पहाट. बायका पाठमोऱ्या, कळशा जमिनीवर, कोपऱ्यात '१९४३' एवढेच. रांगेच्या शेवटी आपल्याहून मोठा हंडा घेऊन उभी असलेली एक मुलगी आहे. मावशी म्हणते, ही तुझी आईच. आईस डोळ्यांनी नीटसे दिसत नव्हते, तिने कागद नाकाजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "छे, मी नव्हे. माझी पाळी नेहमी पुढे असायची."