अपघातानंतरचा कागद

अपघात आणि नुकसानभरपाई या विषयावर मी बोलावे अशी सूचना आली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वकील नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो आणि मुलांस अंकगणित व मराठी शिकविता शिकविता निवृत्त झालो. कायद्याची पुस्तके मी वाचली ती उतारवयात, आणि तीही हौसेने नव्हे. का वाचली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सन २०११ च्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या आमच्या शहरी एका मालवाहू टेंपोने एका सायकलस्वारास मागून धडक दिली. तो गृहस्थ एका दुकानात हिशेब लिहीत असे. तिसऱ्या दिवशी तो रुग्णालयात वारला. त्याचा मुलगा सातवीत, माझ्याच वर्गात होता. धाकटी मुलगी चार वर्षांची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी टेंपोचा मालक पन्नास हजार रुपये आणि मुद्रांकित कागद घेऊन दारी आला. 'झाले ते दैवाने झाले, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे काही मागणे नाही,' असा त्या कागदाचा मतलब होता. त्या बाईंस वाचता येत होते, परंतु वाचण्याची त्यांची अवस्था नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "वहिनी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पदरात पडते आहे ते घ्या." त्यांनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून खाली मी केली.

आपण सुशिक्षित माणसे अशा वेळी जो सल्ला देतो, त्याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो. माझे ते अज्ञान होते. तीन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी, जो आता वकिली करतो, घरी आला असता ही हकीकत निघाली. त्याने एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, त्या टेंपोचा विमा होता का?" मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

माणसाच्या मृत्यूची भरपाई मागता येते, ही कल्पना आपण समजतो तितकी जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८०८ साली एक प्रवासी घोडागाडी उलटली. तीत एक पतिपत्नी होती. पत्नी सुमारे महिन्याने वारली. न्यायाधीशांनी ठरविले की, पतीस स्वतःच्या जखमांबद्दल आणि पत्नी जिवंत होती तितक्या दिवसांच्या हानीबद्दल पैसे मिळतील, पण मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात मागण्याजोगी हानीच नव्हे. म्हणजे जखमी करणाऱ्यापेक्षा ठार मारणारा स्वस्तात सुटे! आगगाड्या धावू लागल्यावर हा न्याय लोकांस सोसेना. १८४६ साली तिथे नवा कायदा झाला, आणि त्याच धर्तीवर १८५५ साली आपल्या देशात प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. दुसऱ्याच्या हयगयीने माणूस गेल्यास त्याची पत्नी, पती, आईबाप व मुले भरपाई मागू शकतात, हे तत्त्व येथे तेव्हापासूनचे आहे. पुढे १९२३ च्या कायद्याने कामगारांस असे संरक्षण मिळाले. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मी रस्त्यापुरते बोलतो.

रस्त्यावरच्या अपघातांस आज १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक वाहनाचा निदान इतरांस होणाऱ्या इजेपुरता विमा असलाच पाहिजे. ही सक्ती वाहनमालकाच्या सोयीसाठी नाही. मालक दरिद्री निघाला तरी मृताच्या घरी पैसा पोहोचावा, यासाठी ती आहे. मालक दारी येऊन हात जोडतो तेव्हा आपल्याला त्याची कणव येते, आणि ती यावीही. परंतु बहुधा भरपाई त्याच्या खिशातून द्यावयाची नसते, हे आपल्या लक्षात राहत नाही. वाहनाचा विमा आहे की नाही, हे गाडीच्या क्रमांकावरून परिवहन खात्याच्या नोंदीत पाहता येते. ते पाहण्यास मला पाव तास लागला असता.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावयाचा. अपघात जिथे झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे तो करता येतो. पुण्याचा मनुष्य नागपूरजवळ अपघातात सापडला, तर घरच्यांनी नागपूरच्या खेपा घालाव्यात असे नाही. दुसरे असे की, चालकावरील फौजदारी खटला आणि हा दावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चालक तिथे सुटला म्हणून इथला हक्क बुडत नाही.

आता रक्कम कशी ठरते, याविषयी. इथे मला थोडे फळ्याशी उभे राहू द्या, कारण न्यायाधीशांच्या मर्जीवर सारे अवलंबून असते हा समज मुळातच चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ या सालांच्या निवाड्यांत पद्धत घालून दिली आहे, आणि ती सातवीच्या मुलालाही सोडविता येईल.

समजा, छत्तीस वर्षांचा एक गृहस्थ खासगी दुकानात महिना १८,००० रुपये ठरीव पगारावर होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वार्षिक मिळकत २,१६,००० रुपये. तो जगता तर त्याची मिळकत वाढली असती. चाळिशीच्या आतील अशा माणसाकरिता ही वाढ शेकडा ४० धरतात. म्हणजे ८६,४०० मिळवून ३,०२,४०० झाले. यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करावयाचा. अवलंबून असणारी माणसे चार ते सहा असल्यास तो चौथा हिस्सा धरतात. ७५,६०० गेले, राहिले २,२६,८००. इतकी रक्कम घराला दरसाल अंतरली. आता किती वर्षांची? निवृत्तीपर्यंतची सारी वर्षे धरीत नाहीत, कारण पैसा एकरकमी हाती येतो व त्यावर व्याज मिळते, शिवाय आयुष्याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून वयाप्रमाणे गुणक ठरविला आहे. पंचविशीपर्यंतच्या तरुणास १८, छत्तीस ते चाळीस या वयास १५, साठीच्या आसपास ९, असा तो उतरत जातो. २,२६,८०० ला १५ ने गुणा. चौतीस लाख दोन हजार रुपये. अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी इत्यादींच्या ठरीव रकमा याशिवाय निराळ्या.

हे गणित मी प्रथम सोडविले त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या हिशेबनिसाचा पगार याहून पुष्कळ कमी होता. तरीही उत्तर पन्नास हजारांच्या कित्येक पटींनी मोठे येत होते.

गृहिणी वारली तर तिची मिळकत शून्य, असे पुष्कळ दिवस मानीत. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभातील मंडपास आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. भरपाई ठरविण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांजकडे सोपविले होते. त्या प्रकरणाच्या २००१ च्या अंतिम निवाड्यात न्यायालयाने मध्यम वयाच्या गृहिणीच्या घरकामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. आकडा आज अपुरा वाटेल. पण पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या त्या कामास रुपयांत किंमत आहे, हे न्यायालयाने लिहून ठेवले, आणि पुढील निवाड्यांत ती वाढत गेली.

मनुष्य वाचला पण अधू झाला, तर औषधपाणी, बुडालेली मजुरी, शुश्रूषेस ठेवलेल्या माणसाचा खर्च, वेदना, हे सारे मागता येते. येथे एक बारकावा आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर शेकडा ४० अपंगत्व लिहिले म्हणून मिळकतही तितकीच घटली असे नव्हे. पाय गेलेला कारकून मेजाशी बसू शकेल, पाय गेलेल्या गवंड्याचे सारेच काम बुडते. तेव्हा कमाईची शक्ती किती गेली हे न्यायाधिकरणाने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. यास्तव गवंड्याने आपण गवंडी आहोत याचा पुरावा जपावा.

पुराव्यांविषयी अधिक काय सांगू? प्रथम खबरीची नक्कल, पंचनामा, रुग्णालयातील कागद, औषधांच्या पावत्या, पगाराचा दाखला. शोकात सापडलेल्या घरी पावत्या गोळा करणे कठोर वाटते. ते काम शेजाऱ्याने करावे. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी पहिला अहवाल न्यायाधिकरणास व विमा कंपनीस द्यावा, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. तो गेला की नाही, हे ठाण्यावर विचारण्यास भिऊ नये.

त्याच दिवसापासून एक कडक गोष्टही अमलात आली. पूर्वी दाव्यास मुदत नव्हती. आता अपघातापासून सहा महिने. या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात वाद गेलेला आहे, परंतु त्या वादाच्या भरवशावर घरी बसू नये. वर्षश्राद्ध झाल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस हे नम्रपणे सांगावे.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर? तर प्रांत वा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करता येतो. मृत्यूबद्दल दोन लाख आणि जबर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. मुंबईच्या श्रोत्यांकरिता आगगाडीविषयी एक शब्द. चालत्या गाडीतून प्रवासी पडून दगावल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो, आणि रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूबद्दलची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये झाली. आत्महत्या, नशा इत्यादी अपवाद आहेत. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याने दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती अनेकांस अडविते. रुग्णालयाच्या दारात 'भरपाईत चौथाई द्या, बाकी आम्ही पाहतो' म्हणणारे लोक उभे असतात. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून वकिली करणे वकिलांच्या परिषदेच्या नियमांत बसत नाही, हे ध्यानात ठेवून त्यांस वाटेस लावावे. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. हे वाक्य माझ्या माताभगिनींनी कृपा करून लिहून ठेवावे.

आमच्या त्या वहिनींनी २०१४ मध्ये दावा केला. मुदतीचा अडसर तेव्हा नव्हता, म्हणूनच तो करता आला. टेंपोचा विमा होता. रुग्णालयातील कागद मिळविण्यास आठ महिने गेले. विमा कंपनीच्या वकिलांनी तो मुद्रांकित कागद पुढे केला, आणि साक्षीदार म्हणून मला पिंजऱ्यात उभे राहावे लागले. "हा कागद करताना बाईंस त्यांच्या हक्कांची माहिती कोणी दिली होती काय?" असे मला विचारण्यात आले. "नाही," मी सांगितले, "ती मलाही नव्हती." न्यायाधिकरणाने पन्नास हजार वजा केले, पण कागद आड येऊ दिला नाही. सर्वत्र असेच होईल, असे मात्र कोणी समजू नये.

निवाडा २०१७ मध्ये झाला. मुलीच्या शिक्षणाचा भाग ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवण्याचा हुकूम झाला. मुलाचा भाग तसा ठेवण्याचे कारण उरले नव्हते. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आठवीत शाळा सोडल्यापासून तो एका गॅरेजात काम करीत होता. रक्कम हाती आल्यावर वहिनी पेढे घेऊन आल्या. त्या सहीविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मलाही तो विषय काढण्याचा धीर झाला नाही.